काटा चाळीसवर

आता काटा विसावर होता की बावीसवर, ते शपथेवर नाही सांगता येणार, त्र्याहत्तर वय आहे, सकाळची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही... पण चाळीसवर नव्हता, एवढं नक्की! चाळीसवर पाहिजे होता हो!

कशाचा काटा? तेलाच्या दाबाचा! तुम्हाला सांगतो, माझी पीएचडी वंगणात, तीनशे पानं, पण इंजिनाला कधी हात लावलेला नाही, आणि हे जेऊरच्या बापूसाहेबांना सांगणार कोण? उजनीच्या पाण्यावर त्यांची लाँच, माणसं या काठाहून त्या काठाला नेणारी. तिचं म्हातारं इंजिन अक्कलकोटच्या प्रभुलिंग मिस्त्रीनं खोलून पुन्हा बांधलं, आणि बापूसाहेब जुळे सोलापुरात घरी येऊन म्हणतात, "सर, तुमी फकस्त बगा आन् सही करा की!" केली! भिडेखातर केली! सही वाळायच्या आत म्हणतात, "आमच्या घाटावर रीत हाय, सर. इंजिन पास करनारा पयल्या फेरीला बसतो. बायकोसकट."

बायकोसकट! आमच्या गंगम्माला बादलीतलं पाणीसुद्धा खोल वाटतं! आणि भरपाण्यात तेल कमी पडून इंजिन जाम झालं तर?

घाटावर जाऊन लाँचमध्ये बसलो काट्यापुढं. इंजिन थंड, काटा साठ. वा! तापलं, तेल पातळ झालं, काटा निघाला खाली... पन्नास... तीस... वीस! "प्रभुलिंग, चाळीस पाहिजे!"

"यप्पा! जुनं इंजिन हाय सर, ईस लई झालं."

"चाळीस!"

बिचाऱ्यानं जादा दाब सोडणाऱ्या झडपेच्या स्प्रिंगमागं वायसर घातला. वीस. दुसरा घातला. वीस! तिसरा म्हटल्यावर त्यानं स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "झडप उगडती जादा दाबाला. ईसावर ती बंदच. वायसर घालून काय व्हनार?" बरोबर होतं हो! माझ्याच प्रबंधाचं चौथं प्रकरण! पण भीतीपुढं कुठलं प्रकरण आठवतंय?

"हेदरब्याड्री सर, भिऊ नका. च्या पिऊन या."

प्यालो. आलो. काटा चाळीसवर! काय केलंस म्हणून विचारायचं धैर्य कुणाला?

निघालो. तीस माणसं, दोन शेळ्या आणि माझ्या दंडात नखं रुतवून गंगम्मा. "अहो, किती खोल असंल?" "गप, काट्याकडं बघू दे!" बरोबर मधोमध लाँचच्या पाण्यातल्या पंख्यात मासेमारीचं जाळं अडकलं, इंजिन बंद! शेळ्या ओरडल्या, माणसं ओरडली, गंगम्मानं मल्लिकार्जुनाला हाक मारली... मी एकटा शांत. का? काटा चाळीसवर होता!

जाळं कापलं, पोचलो. गंगम्मा अजून शेजारणींना सांगते, यांनी दाब बसवला म्हणून आम्ही वाचलो.

सहा वर्षांनी अक्कलकोटला प्रभुलिंगच्या दुकानात गेलो, तर भिंतीवर खिळ्याला तोच मीटर. "लई घाबरला व्हता की सर तुमी," तो म्हणाला, "म्हनून सुई चिकटवली. फेरी झाल्यावर बदलला. लाँच आजून ईसावरच पळतीया."

मी म्हटलं, खात्री करावी. काचेवर टिचकी मारली. दोनदा. मागं नळी नाही, तेल नाही, इंजिन तर नाहीच...

चाळीस.