मंदाअक्कांच्या शेडपर्यंतची बारा मिनिटं

माननीय अध्यक्ष, आपल्या संस्थेचे चिटणीस जीवराम आबा, मुख्याध्यापिका मोहिनीताई, आजचे सत्कारमूर्ती, चित्रकलेचे अन्वर सर आणि सुगराभाभी, सहकारी, पालक, आणि पंखा कुणाकडे फिरतो याकडेच डोळे लावून बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

आधीच्या वक्त्यांनी सरांच्या बत्तीस वर्षांच्या सेवेचा गौरव केला. मी गणिताचा माणूस. मला फक्त बारा मिनिटांबद्दल बोलायचं आहे.

शनिवारी आपली सकाळची शाळा. साडेअकराची घंटा झाली की सर आपली जुनी मोटारसायकल काढतात आणि मी मागे बसतो. शिवाजीनगरचा पूल, कोर्ट चौक, आकाशवाणी, इच्छादेवी, आणि मेहरूण तलावापलीकडे मंदाअक्कांची पत्र्याची शेड. थंडीत भरीत आणि कळण्याची भाकरी, उन्हाळ्यात शेवभाजी. अंतर ते काय? जेमतेम बारा मिनिटांचं. पण चित्रकार गाडी चालवत असला की शहर कसं तरंगत जातं, हे मागे बसल्याशिवाय कळायचं नाही. पुलावर सर हटकून वेग कमी करतात. खाली मालगाडीचे डबे संपता संपत नाहीत, आणि सगळं गाव उन्हात पांढुरकं होऊन थरथरत असतं. तलाव आला की वारा बदलतो, डोळे जड होतात. एकदा तर मी सरांच्या पाठीवर डोकं टेकून चक्क झोपलो. जाग आली तेव्हा गाडी निंबाखाली उभी, इंजिन थंड, आणि सर तसेच ताठ बसलेले. म्हणाले, आत्ताच पोचलो. घड्याळात साडेबारा वाजत आले होते.

हे सुरू कसं झालं? चार वर्षांपूर्वी माझी पत्नी लता गेली. त्यानंतर मी ताटावर बसायचो आणि तसाच उठायचो. एका शनिवारी सरांनी काही न विचारता गाडी माझ्यापुढे आणून उभी केली. "चौधरी, बसा," एवढंच म्हणाले.

आता माझी चूक सांगतो. पहिले तीन-चार शनिवार मी दोन ताटं सांगायचो. सर म्हणायचे, आज पोट बरं नाही, आणि बाहेर निंबाखाली जाऊन बसायचे. गावात रमजानचा बाजार भरलेला, आणि मला काही सुचू नये? दुःखात माणूस आंधळा होतो म्हणतात, मी तर पुरता आपमतलबी झालो होतो. शेवटी मंदाअक्का माझ्यापुढे भाकरी ठेवताना हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्यास्ना रोजा शे. तुमी जेवा म्हनीसन त्या उन्हात येतस."

बाहेर पाहिलं. बेचाळीस अंशांत पाण्याचा घोटही न घेतलेला हा माणूस वहीत तलाव काढत होता. मी रडलो, सांगायला लाज कसली? पण ताट रिकामं केलं. लता गेल्यानंतरचं ते माझं पहिलं पोटभर जेवण.

आता सरांच्या मुलाने, रेहानने, नाशिकला अब्बांसाठी उजेडाची खोली ठेवली आहे, चित्रं काढायला. आणि सर म्हणतात, वर्षभर थांबतो, गुडघे दुखतात, घराची डागडुजी राहिली आहे. खरं कारण मला परवा सुगराभाभींनी सांगितलं. चौधरी शनिवारी जेवणार नाहीत, म्हणून ते अडून बसले आहेत.

अन्वर सर, मागच्या शनिवारी तुम्ही नाशिकला होतात. मी रिक्षा केली. रिक्षावाल्याने पूल झपकन पार केला. तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बराच वेळ बसलो, उठून जावंसंही वाटलं. मग जेवलो. दीड भाकरी, वर ताक. खोटं वाटत असेल तर मंदाअक्का तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांना विचारा.

मला वेळ दिल्याबद्दल संयोजकांचे, आणि तो संपला तरी घंटी न वाजवल्याबद्दल आबांचे मनापासून आभार. घरातलं काही चारचौघांत बोलून गेलो असेन, तर थोरामोठ्यांनी सांभाळून घ्यावं.

आणि सर, तुम्ही नाशिकला जा. मी जेवतो आहे.