पुढचे टायर आणि माझी पहिली आखाजी

"गाडी निदान आवाज करीसन सांगस तरी, तिले काय जोयजे ते! मन्ही बायको ते तोंडच उघाडत नही, रतिलाल!"

...ऐकलंत? हे आमचे यजमान, कुंदनराव! ओसरीवर मांडी घालून, माझ्याच हातचा चहा फुर्रकन ओढत, शहाद्याच्या टायरवाल्या रतिलालला हे सांगत होते, आणि मी? मी दाराआड रिकाम्या कपांसाठी ताट घेऊन उभी! आता तुम्हीच सांगा, नव्या नवरीनं तोंड उघडायचं कधी असतं हो? निघताना आईनं कानात सांगितलं होतं, 'पहिलं वर्ष नुसतं ऐकून घे बाई.' म्हणून ऐकून घेत होते, तर त्याचाही दोष माझ्याच माथी! बरं, गाडीची बरोबरी माझ्याशी, आणि त्यातही मी दुसरी! मग काय बोलले मी? काय बोलणार? कप उचलले, आत गेले, मोरीत ठेवले... जरा जोरात ठेवले, तेवढंच. मी आपली गप्प!

गाडी कोणती ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सासू-सासरे, नणंद, केळीचा घड असं सगळं मावेल अशी असेल. छे! दोनच सीटा. स्पोर्ट्स कार! आमच्या प्रकाशा गावात! जिथं रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या नि तापीवर देवदर्शनाला आलेल्या जीपा, तिथं ही लालभडक, जमिनीला पोट टेकलेली, अंग फायबरचं आणि छप्पर कापडाचं. सुरतेच्या कुणा शेठनं हौस फिटल्यावर विकलेली, ती यांनी आणली लग्नाआधी, म्हणजे घरात ती माझ्याहून मोठी! वजनाला इतकी हलकी, की वादळात उडून जाईल म्हणून सासूबाई म्हणतात, "वादय उनं ते बांधी ठेव रे तिले, बकरीनामायक!" आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, आणि बाहेर यायचं म्हणजे साडी, पदर, डोकं आणि अब्रू, चारही एकदम सांभाळायचं, आणि समोरच्या ओट्यावर बायका धान्य निवडायचं सोडून बघत बसलेल्या!

तरी मला आवडायची हो ती. खोटं कशाला बोलू? लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघंच तिच्यातून तोरणमाळला निघालो, तेव्हा वाटलं, दोनच सीटा असणं किती बरं! मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही. घाट लागला. एक वळण आलं असं वाकडं, की यांनी स्टेअरिंग फिरवलं, पण गाडीचं तोंड आपलं सरळच निघालं, दरीकडं! मी यांचा दंड घट्ट धरला. कशीबशी वळली. यांनी गाडी कडेला घेतली, माझ्याकडे वळले, डोळे असे चमकत होते... मला वाटलं, आता हे म्हणणार, घाबरलीस का गं? आणि हे म्हणतात, "समजलं का तुला? पुढून पकडच नाही! मागचे टायर रुंद आणि पुढचे काडीसारखे! पुढचे रुंद टाकले ना, तर ही रस्त्याला चिकटून वळेल!"

वर तलाव. पाणी निळंशार. हे तलावाकडं पाठ करून टायरसमोर उकिडवे बसलेले. तलाव मी एकटीनं पाहिला. छान आहे. जाऊन या... आणि मी? मी आपली गप्प!

तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही! जेवताना टायर, झोपताना टायर, मोबाइलवर टायरचे फोटो, ते बोटांनी असे मोठे करून करून बघायचे. माझे लग्नाचे फोटो अजून पेनड्राइव्हमधून बाहेर आले नाहीत! शहाद्याच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेलो, कासारानं विचारलं, "माप काय वहिनींचं?" हे माझ्या हाताकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, मग कासाराकडे, जसा काही तो हात यांनी आजच पहिल्यांदा पाहिला! आणि तेवढ्यात रतिलालचा फोन. तर चालत्या बाजारात, बैलांच्या घुंगरांपेक्षा मोठ्या आवाजात, "एकशे पंच्याण्णव, पन्नास, पंधरा! हा, पाठ शे माले!"

पाठ आहे! टायरचं माप पाठ आहे! तुम्हाला सांगते, मत्सर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आणि तोही कुणाचा, तर रबराचा! इतर बायकांना निदान हाडामांसाची सवत तरी मिळते हो. तिच्याशी भांडता येतं, तिच्या नाकाला नावं ठेवता येतात. टायरच्या कशाला नावं ठेवू? काळा आहे म्हणू? गोल आहे म्हणू?

मग ते आले. सुरतेच्या बसच्या टपावरून. दोन. हे उतरवायला स्वतः गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी बॅग हमालानं उतरवली होती, हे सहज आठवलं म्हणून सांगते. "बाहेर ऊन फार आहे, रबर तडकतं," म्हणून दोघांना आणलं कुठं? आमच्या खोलीत! माझ्या रुखवताच्या कपाटाला टेकवून, खाली माझी सोलापुरी चादर घालून! खोलीत वास असा, की पंप-हाऊसमध्ये संसार थाटल्यासारखं वाटावं. आणि हे ओल्या फडक्यानं ते पुसतायत, नक्षीच्या खाचाखाचांतून, हळूऽऽ... "बघ ना, ममता, काय नक्षी आहे!" माझ्या हातावरची मेंदी उतरून गेली, तिच्यावर काय होतं ते यांना विचारा बघू! पण मी? मी म्हटलं, "हं." 'हं' म्हणजे काही बोलणं नव्हे. मी आपली गप्प!

आता खरं दुखणं सांगते. आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया, जवळ येत होती. आमच्या खान्देशात लग्न झालेल्या पोरीची पहिली आखाजी म्हणजे काय, ते मी सांगायला नको. दिवाळी एकवेळ चुकेल, पण आखाजीला माहेरचा मुराळी येणार आणि पोरीला घेऊन जाणार म्हणजे जाणारच. झोके, गाणी, आमरस, मैत्रिणी, आणि दोन दिवस कुणाची सून नसणं! तळोद्याहून बाबांचा फोन आला, 'अमृतला पाठवतो मुराळी म्हणून.' अमृत माझा भाऊ. तर यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि बाबांना काय सांगावं? "मामा, अमृतला कशाला तकलीफ? मीच घेऊन येतो तिला. नव्या टायरवर!"

झालं! मुराळी बंद. गल्लीतल्या एकेक सुना निघाल्या. कुणाचा भाऊ मोटरसायकलवर, कुणाचा काका पिकअपमध्ये. समोरची कामिनी जाताना मला म्हणते, "तुम्ही अजून नाही गेल्या?" मी पिशवी भरून ठेवलेली, रोज तिच्यातली एक साडी काढून नेसायची नि परत दुसरी भरायची. कारण काय? तर गाडी रतिलालकडं उंच टांगलेली! सकाळी "आज बसवतो", दुपारी "रिम बसत नाही", संध्याकाळी "रिम बसली, नट लहान पडले." माझी आखाजी नटांवर अडली होती हो! बोलले का मी काही? मी आपली गप्प!

शेवटी आखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारी, गाडी दारात. पुढचे टायर रुंद, मडगार्डच्या बाहेर डोकावणारे, जसं एखाद्या बारक्या पोरानं बापाचे बूट घालावेत! मी पिशवी घेऊन तयार. हे म्हणाले, "बस." बसले. गल्लीचं वळण आलं, स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, आणि... खर्रर्रर्र! टायर मडगार्डला आतून घासत होता. थांबवली. रतिलाल मागून फटफटीवर येत होता, तो उतरून खाली वाकला.

"वहिनी, जरा उतरा."

उतरले. स्टेअरिंग फिरवलं. आवाज नाही!

"बसा."

बसले. खर्रर्रर्र!

"उतरा." उतरले. "बसा." बसले. विहिरीत उतर, वर ये, उतर, वर ये, ते पण नवीन साडीत, वैशाखाच्या उन्हात, ओट्यावरच्या समस्त बायकांसमोर! मध्येच हे म्हणतात, "ममता, जरा माझ्याकडे सरकून बस." लग्नानंतर हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं मी! सरकले. थोडं कमी घासलं! म्हणून! आणि रतिलाल खालून ओरडतो, "वहिनी, आज दोन पोया जास्ती खाद्यात का?"

मग निकाल लागला. रतिलाल हात पुसत उभा राहिला, "कुंदनभाऊ, टायरना काही दोष नही. डावी बाजूले वजन उनं, का घसास."

वजन! मला नाव नाही, गाव नाही, नातं नाही... वजन! आणि आमचे कुंदनराव काय म्हणाले असतील? विचार केला, मान हलवली, आणि अगदी प्रेमानं म्हणाले, "असं कर ममता. तू आत्ताच्या एस.टी.नं पुढं हो. मी गाडी घेऊन मागून येतोच. मामांना टायर दाखवायचेत."

अहो, तेवढ्यात ओसरीवरून सासूबाई उठल्या. माझ्या सासूबाई, कौसाबाई, ज्यांनी चार महिन्यांत मला 'मीठ कमी शे' याच्यापलीकडं फारसं काही सुनावलं नव्हतं, त्या कैरीचा विळा हातात घेऊनच खाली आल्या!

"कुंदन! पहिली आखाजी शे तिन्ही! वहू एस्टीमां आनि तू गाडीमां? तुन्हा बाप माले बैलगाडीमां लई गया, पन दोन्ही संगेच! काढ ही थेरं! जुनंच लाव, आते ना आते!"

विळ्यापुढं कोण बोलतं? जॅक लागला, नट सुटले, रुंद टायर उतरले, जुने काडीसारखे चढले. मी बसून पाहिलं, यांनी वळवून पाहिलं. चकार आवाज नाही! माझी आखाजी मला मिळाली हो! मनात झोका इतका उंच गेला, की तळोदा दिसायला लागलं.

आणि मग मी यांच्याकडे पाहिलं.

दोन्ही टायर भिंतीला टेकलेले, उन्हात. हे त्यांच्या मध्ये उभे. "माय, उनमां तडकतीन वं! मन्ही खोलीमां ठेवू दे ना." सासूबाई म्हणाल्या, "सकाय घागर भरनी शे, पितरं जेवतीन. मी हाई काया भूतं घरमां लेवाव नही!" रतिलालला सांगावं, तर तो एव्हाना फटफटी घेऊन पसार झालेला. यांनी एका टायरवरून हात फिरवला. चेहरा कसा झाला होता म्हणून सांगू? माझी पाठवणी झाली ना, तेव्हा माझ्या बाबांचा झाला होता. अगदी तस्सा! माझ्यासाठी हा चेहरा कधी होणार, देव जाणे. पण ते राहू द्या. मी आपला हिशेब केला: आता हा माणूस तळोद्यापर्यंत एक शब्द बोलणार नाही, माझ्या आईच्या आमरसात याला टायर दिसणार, मी झोक्यावर आणि हा मोबाइलवर घरी विचारणार, टायरांवर सावली पडली का, सावली पडली का...

हे काही मागत नव्हते हो. मागायची हिंमतच नव्हती. नुसते बघत होते, एकदा टायरांकडं, एकदा माझ्याकडं. सासूबाई बघत होत्या, गल्ली बघत होती. मी सीटमध्ये नीट बसले, पिशवी पाठीशी सरकवली, पदर खोचला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"आणा त्यांना इकडं. एक पायाशी ठेवा, एक माझ्या मांडीवर द्या. सणाला निघालोच आहोत, तर घरातलं कुणी मागं कशाला ठेवायचं?"