एकाच्या नऊ चुका

बसथांब्याच्या बाकावर माझ्या शेजारी वडील आणि मुलगी बसले होते. मांडीवरचा लॅपटॉप मिटत वडील म्हणाले,

“छापखाना बंद पडला तेव्हा वाटलं, प्रोग्रामिंग शिकून पोट भरेल. नाही जमत. आज क्लासमधून नाव काढूनच येतो.”

“पण झालं काय, बाबा?”

“कॉम्प्युटर एकच चूक दाखवत होता. ती सुधारली, तर आता नऊ दाखवतोय.”

“अहो, मघाशी तो दुसऱ्या ओळीवरच अडला होता. आता तुमचा प्रोग्राम त्यानं शेवटपर्यंत वाचलाय.”

“उगाच समजूत काढू नकोस.”

“समजूत काढायला मी काय आई आहे?”

“शेवटपर्यंत वाचला म्हणतेस?”

“उघडून बघा की.”

त्यांनी लॅपटॉप पुन्हा उघडला.

“बाबा, बस आली. उठताय ना?”

“जाऊ दे ही. हा कंस बंद करायचा राहिलाय.”