मागून येणारा भोंगा

...आणि वर लोक मलाच विचारतात, "पण एप्पो, चित्र कुठंय?" अहो, चित्राचं काय घेऊन बसलात! चित्र कोणीही दाखवतो. प्रोजेक्टर छताला टांगला, बटण दाबलं, झालं. आवाजाचं बोला की. आवाज मागून आला पाहिजे!

हे माझं नाही हां, तुम्हाला सांगतो, हे माझ्या सासऱ्यांचं. लुप्पो त्यांचं नाव. आयुष्यभर मालवाहू जहाजाचे कप्तान, आमच्या ग्रोनिंगनच्या कालव्यांतून थेट राईन नदीपर्यंत वाळू नाहीतर बीट वाहायचे. आता जहाज विकून आमच्याच मागच्या गल्लीत राहतात. कानांनी थोडे अधू झालेत, जिभेनं अजिबात नाही. मी हौसेनं प्रोजेक्टर आणला, भिंतभर जहाज दाखवलं, तर म्हातारा कॉफी ढवळत म्हणतो, "मागचं जहाज भोंगा देतं ना एप्पो, तो मागून येतो. तुझा भिंतीतून येतोय." संपलं. पुन्हा कॉफी.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? अहो, लग्न झाल्यापासून मी ह्या माणसाच्या तोंडून एक वाक्य ऐकायला टपून बसलोय... "ह्याहून वाईट असू शकलं असतं." हसू नका. आमच्याकडे ह्याच्यापुढे स्तुती नाही. त्यांनी हे जहाजाच्या इंजिनाबद्दल म्हटलंय. सासूबाईंच्या मोहरीच्या सुपाबद्दल म्हटलंय. सासूबाई गेल्या त्या दिवशी कबरीपाशी उभं राहून, टोपी हातात घेऊन, सासूबाईंबद्दल म्हटलंय. माझ्याबद्दल? नाही. कधीच नाही.

मग काय, लागलो कामाला. सिनेमे दाखवणारी ती छोटी डबी असते ना, इंटरनेटवाली, ती आधी सरळ प्रोजेक्टरला जोडली. आवाज आला, मागूनच आला! पण नुसता मागूनच. प्रोजेक्टरच्या पोटात एक टीचभर स्पीकर असतो, तो माझ्या डोक्यावर बसून कुजबुजत होता. मग प्रोजेक्टरमधून वायर काढून आवाज खोलीच्या चार कोपऱ्यांतल्या चार स्पीकरना दिला, तर बोलले फक्त पुढचे दोन. मागचे दोघे मुके, घरजावयासारखे. माझा मेहुणा वुब्बो, ह्याला सगळ्यातलं सगळं कळतं, तो म्हणाला, "प्रोजेक्टरला चार स्पीकर झेपत नाहीत रे. सोडून दे." सोडून दे? मी? मी त्या डबीची वायर प्रोजेक्टरमधून उपटली आणि आधी रिसीव्हरमध्ये घातली, म्हणजे जो आवाजाची वाटणी करतो त्याच्यात, आणि तिथून नुसतं चित्र वर प्रोजेक्टरला पाठवलं. तरी मागचे मुकेच! का? तर डबीच्याच सेटिंगमध्ये कोणीतरी 'दोनच स्पीकर' असं करून ठेवलेलं. ते बदललं मात्र... अहो, पाठीमागून असा भोंगा आला की मांजर कपाटावर. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मीच केलं हे, ह्या हातांनी.

आता दाखवायचं कधी? बायकोच्या वाढदिवसाला. जून महिना, सगळे येणार. मी खुर्च्या छान रांगेत मांडल्या, तोंडं भिंतीकडे. हिल्ये आली, कंबरेवर हात. "रांगेत? माझ्या वाढदिवसाला? चर्च आहे का हे?" आणि दोन मिनिटांत खुर्च्या गोल! वाढदिवस म्हटला की गोल बसायचं, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं, आलेल्यानं एकेकाचा हात हलवत, जिचा वाढदिवस तिच्या नातलगांचंही अभिनंदन करत फिरायचं, "बायकोबद्दल अभिनंदन", "मुलीबद्दल अभिनंदन", "बहिणीबद्दल अभिनंदन"... मला सांगा, गोल बसलेल्या माणसांचं मागे म्हणजे कुठे?

आणि सासरे बसले कुठे? बरोब्बर चित्राच्या भिंतीखाली, भिंतीकडे पाठ करून. म्हणजे माझे मागचे स्पीकर त्यांच्या थेट तोंडासमोर!

त्यात उजेड. जूनमध्ये आमच्याकडे रात्री दहापर्यंत दिवस, आणि खिडक्यांना पडदे कोण लावतं? मी चादर टांगायला घेतली तर शेजारीण बेल वाजवून हजर. "कोणी गेलं का हो?" आमच्याकडे खिडक्या झाकतात त्या घरात कोणी गेल्यावरच. काढली चादर. भिंतीवर चित्र म्हणजे नुसता ओला डाग. वुब्बो चीजचा तुकडा मोहरीत बुडवत म्हणाला, "वा, सुंदर भिंत आहे."

मी मागचे दोन्ही स्पीकर काखेत मारले, लांबलचक वायर ओढत गुडघ्यांवर रांगत निघालो, खुर्च्यांच्या मागून, हिल्येच्या आत्याच्या पर्सवरून. "एप्पो, बायकोबद्दल अभिनंदन," आत्या वरून म्हणाली. मी खालून म्हटलं, "तुमचंही." आणि स्पीकर ठेवले सासऱ्यांच्या पाठीशी. बाकीच्यांना उलटं ऐकू येईल? येऊ दे. आवाज मागून आला पाहिजे, तो एका माणसाच्या मागून!

राईनवरच्या जहाजांचा माहितीपट लावला. पाणी. इंजिन. आणि मग मागून भोंगा... लांब, खालच्या पट्टीतला.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. मागे वळलेसुद्धा नाहीत. एक हात वर केला, जसा मागच्या कप्तानाला करतात तसा, आणि बसल्या बसल्या खुर्ची उजवीकडे सरकवली. वाट दिली त्याला! वुब्बोला सरकावं लागलं, मग आत्याला, अख्खं वर्तुळ मुकाट्यानं सरकलं. जहाज मधून गेलं. इंजिनाचा आवाज पार लांब जाईपर्यंत कोणी चीजला हात लावला नाही.

मग म्हाताऱ्यानं कप उचलला आणि म्हणाला, "ह्याहून वाईट असू शकलं असतं."

हिल्ये रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच चमचे धुतले. काय सांगू तुम्हाला, छाती एवढी झाली होती की एप्रनची गाठ सुटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे दारात, बरोबर ढकलगाडी. "ते मागचे दोन दे मला. आणि डबी. आणि तुझा तो जुना अॅम्प्लिफायर. घरात फार शांत असतं." ह्या माणसानं माझ्याकडे कधी साधा स्क्रूड्रायव्हर मागितला नव्हता. दिले. वायरसकट दिले, वर जोडूनही आलो. हिल्ये म्हणाली, "मग आता तुझा आवाज मागून कसा येणार रे?"

येतो ना. रोज संध्याकाळी येतो. कान अधू, खिडकी उघडी, आवाज शेवटापर्यंत पिळलेला... मागच्या गल्लीतून असा भोंगा येतो की कपाटातले कप खुळखुळतात, आणि मांजर परत वर. मी काय करणार? एक हात वर करतो आणि खुर्ची उजवीकडे सरकवतो.