लेलँडचं बटण

नाही, मी म्हणतो, बातमी यायची ती येणारच, पण माणसाच्या तोंडात मुरंबा असताना यावी? सांगा ना तुम्हीच! ऑगस्टातला शनिवार, सकाळचे अकरा, जिल्ह्याची जत्रा, तंबूत मी परीक्षक म्हणून बसलेला, सतराव्या बरणीचा चमचा नुकताच तोंडात घातलाय... आणि फोन. इमोजीन हॅकेट, लेलँडची बायको. म्हणाली, "रॉस्को, लेलँड गेला. सकाळी दुकान उघडलं, खुर्ची पुसली आणि तिच्यातच बसला, तो उठलाच नाही."

मला बोलता येईना, गिळता येईना, डोळ्यांत पाणी. आणि समोर सतराव्या बरणीची मालकीण, श्रीमती प्रुइट, कमरेवर हात! "आमदारसाहेब, एवढा वाईट झालाय? गेल्या वर्षी त्या डोर्काची आंबट बरणी मिटक्या मारत खाल्लीत, ती चालली?" काय सांगू तिला? पहिला नंबर देऊन टाकला. लाजेपोटी दिलेला नंबर आहे तो, आजही तिच्या भिंतीवर निळी फीत लटकतेय.

आता मुरंब्याला आमदार कशाला, असं विचाराल. तर तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी राज्याच्या विधानसभेत बसतोय, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायचे आणि जानेवारी ते एप्रिल कायदे करायचे. आणि बावीस वर्षांत माझ्या नावावर कायदा किती? एक. ब्लॅकबेरीचा मुरंबा हा राज्याचा अधिकृत मुरंबा! हसा, हसा. माझी बायकोही हसली होती. तो एकमताने मंजूर झाला, शंभरच्या शंभर हिरवे दिवे. बटण दाबायला काय लागतं हो?

त्या बटणाचंच तर सगळं आहे. आमच्या सभागृहात प्रत्येकाच्या बाकावर दोन बटणं, हिरवं म्हणजे होय, लाल म्हणजे नाही, आणि समोरच्या भिंतीवर मोठा फलक, शंभर नावं, नावापुढे दिवा. दुसऱ्याचं बटण दाबायचं नाही, असा नियम आहे. कडक नियम. आणि दाबतात सगळेच! शेजारी लघवीला गेला, फोनवर गेला, की आपण दाबायचं. लेलँड तेरा वर्षं माझ्या शेजारी. तिकडे शुगर फोर्कला न्हाव्याचं दुकान त्याचं, पक्ष वेगळा, मतदारसंघ वेगळा, चर्चसुद्धा वेगळं. त्यामुळे हिशोब सोपा, मी हिरवं तर त्याचं लाल, मी लाल तर त्याचं हिरवं. तेरा वर्षांत माझ्या हातांना इतकी सवय झाली होती की डोक्याला विचारायचेच नाहीत. तो परत येऊन म्हणायचा, "आज मी कशाला विरोध केला रे?" मी म्हणायचो, "सगळ्याला!" "शाबास. मला वाटलंच."

आणि त्याचं एक विधेयक होतं. शुगर फोर्कच्या खोऱ्यासाठी ॲम्ब्युलन्स. दवाखाना चाळीस मैलांवर, गाडी तिकडून निघणार, मग येणार. दर वर्षी हा मांडायचा, दर वर्षी पडायचं. आम्ही 'लेलँडची गाडी' म्हणून खिदळायचो. नऊ वर्षांपूर्वी मात्र, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, गाडी निघाली! एक्कावन्न मतं हवीत, त्याच्याकडे पन्नास. तो माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "रॉस्को, ह्या वेळी." माझ्या पक्षाचा हुकूम होता, लाल. तीन आठवड्यांवर माझ्या उमेदवारीची पक्षांतर्गत निवडणूक. तरी मी म्हटलं, "दाबतो हिरवं, जा." माझ्या आयुष्यातलं एकमेव शौर्य बरं का हे, लिहून ठेवा.

आणि बघतो तर बर्ट्रम गायब! पन्नासातला एक, ऐंशी वर्षांचा, जेवला की कुठेतरी झोपायचा. लेलँड म्हणाला, "मी त्याला उचलून आणतो, मतदान लागलं तर माझं दाब." आणि पळाला. आणि लागलं! घंटा वाजली, मी डोळे मिटून माझं हिरवं दाबलं, सगळं शौर्य त्या एका बोटात... आणि दुसऱ्या हाताने, तेरा वर्षांच्या सवयीने, शेजारचं...

लाल.

दार उघडलं. बर्ट्रमची जागा दाराशीच, त्याने धापा टाकत हिरवं दाबलं. लेलँड मधल्या वाटेत, फलकाकडे बघत येतोय, हसतोय... त्याचं नाव दिसलं आणि तो थांबला. तेवढ्यात अध्यक्षांचा हातोडा. "मतदान बंद. होय पन्नास. विधेयक पडलं."

ज्याचं विधेयक, त्याचंच नाही!

आता बघा, मी उठायचं होतं. "अध्यक्षमहाराज, ते बोट माझं." बस, एवढंच. बटण दाबायला काही लागत नाही, उठायला लागतं. नियम मोडला म्हणून माझ्यावर ठपका आला असता, तीन आठवड्यांवरची निवडणूक बुडाली असती. लेलँडने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छताला गरुड रंगवलाय आमच्याकडे, त्याची पिसं मोजली मी.

आणि तो काय म्हणाला? पत्रकारांनी गराडा घातला तर म्हणाला, "चूक माझी." दुसऱ्या दिवशी पेपरात, 'स्वतःच्या गाडीला स्वतःच ब्रेक'. नोव्हेंबरात पडला. चार जुलैच्या मिरवणुकीत पोरं त्याच्या दुकानासमोर ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजवून जायची. मी? मी निवडून आलो. पुढे तर बिनविरोध.

मग मी त्याच्याकडे केस कापायला जायला लागलो. दर महिन्याला, चाळीस मैल. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. तो मानेवर वस्तरा ठेवायचा, म्हणायचा, "मान सरळ ठेव, रॉस्को." मी सरळ ठेवायचो. हवापाण्याच्या गप्पा. नऊ वर्षं!

तर त्या दिवशी तंबूबाहेर आलो, इमोजीन फोनवर रडत नव्हती, उलट मलाच समजावत होती. "गाडी यायला पन्नास मिनिटं लागली. पण डॉक्टर म्हणाले, दारात उभी असती तरी उपयोग नव्हता." आणि तुम्हाला सांगतो, मला हायसं वाटलं. मित्र मेलाय, आणि ह्याला हायसं वाटतंय! त्याहून जास्त लाज कशाचीच वाटली नाही मला, त्या लाल दिव्याचीही नाही. वर ती म्हणते, "बोट कुणाचं, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. पण रॉस्को, दर महिन्याला चाळीस मैल केस कापायला येणारा टकला एकच होता."

टक्कल आहे मला. तुम्हाला दिसतंयच.

मग जानेवारीत अधिवेशन भरलं. वारलेल्या माजी सदस्यासाठी शोकठराव मांडतात, तो मी लिहिला. सगळं लिहिलं त्यात, गाडी, बर्ट्रम, बोट. वर गॅलरीत इमोजीन, काळ्या टोपीत. मी उभा राहिलो, माईक वर ओढला, घसा खाकरला... आणि अध्यक्ष वाचतात, "एकत्रित यादी, चौदा ठराव. शाळेचं गायनपथक, बेसबॉलचा संघ, कै. लेलँड हॅकेट... आक्षेप नसल्यास वाचलेले समजून मंजूर." ठक! अकरा सेकंद. 'आक्षेप' एवढा एक शब्द बोललो असतो तर मला बोलू दिलं असतं. नियमच आहे. मी तोंड उघडलं... आणि खाली बसलो. वरून इमोजीनने हात हलवला. तिला वाटलं, छान झालं.

पण उपाय आहे हं! कारकुनाकडे एक पानी अर्ज मिळतो, सभागृहाच्या नोंदीत दुरुस्तीचा. जुनं मत बदलत नाही, पण खाली टीप लागते, की ह्यांना होय म्हणायचं होतं, बटण दुसऱ्याने दाबलं. मी तो आणला. भरला. ह्याच कोटाच्या ह्याच खिशात आहे, बघा, घडीवर फाटायला लागलाय.

सही तेवढी राहिलीय.