साखर वाढली म्हंजे काय

मी दुधनीकडचा. तिसरीत शाळा सुटली, हातातली पाटी गेली आन् पाठीवर पोतं आलं, तवापासनं सोलापूरच्या मार्केट यार्डात हमाली केली, कांद्याची, मिरचीची, पडंल त्या मालाची. काय सांगू तुमाला, सकाळी चार भाकरी, दुपारी चार, वर गुळाचा खडा, च्या तर असला गोड की ओठाला ओठ चिकटावा, कुनी इचारलं न्हाय की गड्या किती खातूस. खाल्लं म्हनून तर उचाललं की.

आन् आता म्हातारपनी एक पोरगी इचारती, आजोबा, काल जेवणात काय काय होतं?

त्ये असं झालं, उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली, जखम भरंना, काळी पडाय लागली. डागदर म्हनला साखर हाय, उतरली न्हाय तर अंगठा काढावा लागंल. माझी सून सुनंदा, तिनं मला न इचारता वस्तीतल्या समाजमंदिरातल्या गटात नाव घातलं. दर बुधवारी प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या, साखरवाल्या धा-बारा जनांनी बसायचं, आन् हरेकानं आठवड्यात काय गिळलं त्ये चारचौघांत सांगायचं. सांगितलं की टाळ्या. बालवाडीच की वो ती! गट चालवनारी ताई माझ्या नातीच्या वयाची, म्हनती आजोबा, खाण्यावर ताबा ठेवता येईल असा विश्वास दहापैकी किती वाटतो? म्या म्हनलो, बाई, जिंदगीभर पोती उचलली, तवा मला कुनी त्ये इचारलं न्हाय, तू कोन इचारनार? शेजारच्या खुर्चीवरची मेहरूनबी पदरात हसली, म्हनली, दादा का जीरो लिख लेव बेटी. लई डोस्कं फिरलं माझं. उठून आलो.

पर अंगठा माझाच व्हता की. त्याच दिशी च्यातली साखर बंद केली, भाकरी दोनवर आनली, गुळाकडं बघितलं न्हाय. कुनाला सांगितलं न्हाय. सांगायचं कशाला, माझं तोंड, माझा घास. बायकूला मातुर कळलं. साखरंचा डबा रिकामा झाला तसा तिनं भरलाच न्हाय, ती बी माझ्यासंगं तसलाच बिनसाखरंचा च्या प्याय लागली.

म्हैना गेला. ताईचा फोन आला, बायकूनं उचलला. साखर कशी आहे आता, ताईनं इचारलं. बायकू म्हनली, वाढली की, कवाच वाढली. आता आमच्यात खान्याची वस्तू संपली म्हनत न्हाईत, अभद्र वाटतं, वाढली म्हनायचं. ताईनं ऐकलं एक आन् वहीत लिवलं दुसरंच.

फुडच्या बुधवारी सुनंदानं मला ढकलतच नेलं. टेकतोय न टेकतोय तवर ताई म्हनती, आजोबांची साखर वाढलीय, पण आपण नावं ठेवायची नाहीत, त्यांना धीर द्यायचा, चला, टाळ्या! आन् समद्यांनी वाजवल्या वो. म्हैनाभर तसला च्या पिऊन ही माझी इज्जत! म्या खुर्ची मागं लोटली, म्हनलो, कुनी सांगितलं? ताई म्हनली, आजींनीच. म्या म्हनलो, काय म्हनली ती, हाय तसं सांग. तिनं सांगितलं. मेहरूनबी मांडीवर थाप मारून हसाय लागली, अगे बेटी, डब्बे की शक्कर खतम हुई बोली वो!

ताईचं तोंड उतरलं. चुकलं आजोबा, म्हनली. म्या बोट फुडं केलं, चुकलं-बिकलं ऱ्हाऊ दे, टोच आन् बघ. तिनं टोचलं, मशीन बघितलं, आन् म्हनती, बरीच उतरलीय की आजोबा, कसं जमवलंत, सगळ्यांना सांगा ना. म्या म्हनलो, सांगनार न्हाय.

न्हाईच सांगितलं. तुमी लिवताय म्हनून तुमाला सांगितलं, पर त्यात गटाचं नाव मोठं करू नका, साखर म्या सोडली, आन् म्हातारीनं. जखम भरली, अंगठा ऱ्हातोय म्हनला डागदर. बुधवारी जातो मी अजून, सून सोडत न्हाय, दाराजवळची खुर्ची धरतो आन् हाताची घडी घालून बसतो. ती पोरगी दर खेपंला इचारती, आजोबा, आज बोलणार? मी न्हाय म्हनतो. देव तिचं भलं करो, तिची नोकरी पक्की व्हऊ दे, पर आदी तिला कुनीतरी मराठी शिकवा.