जागा आधी राखावी लागते

येसूबाई : सोपाना, भाकरी गार झाली. त्या चौकोनांच्या कागदात किती डोकं घालशील? चारच्या यष्टीनं मुंबईला जायचंय तुला.

सोपान : झालंच, आई. हापिसात कॉम्प्युटरला नावांची यादी द्यायचीय. सरावाला आपल्या घरातलीच नावं घेतली.

येसूबाई : आमची? त्या यंत्रात?

सोपान : हे बघ. एका चौकोनात एकच इंग्रजी अक्षर. अक्षरांची एक ओळ म्हणजे एक नाव. ओळीखाली ओळ लावली, की झाली यादी.

येसूबाई : हितं दोन चौकोन मोकळंच की.

सोपान : सगळ्यांत लांब नाव बसेल एवढे चौकोन प्रत्येकाला द्यायचे. माझं नाव आखूड, म्हणून उरले.

येसूबाई : उरूंदेत. हितं तरी काय, तीन खोल्या आन मी एकटी. दिसभर बोलाय मानूस न्हाई. कोन कोन घेतलंस?

सोपान : आप्पा, तू, कोंडीदादा, मी. चार ओळी.

येसूबाई : तुजं आप्पा जाऊन वरीस झालं.

सोपान : असू दे. त्यांच्याशिवाय यादी कसली?

येसूबाई : आन कोंडीबा बसलाय कलकत्त्याला, सोनं गाळत. दोन वर्सं त्वांड दिसलं न्हाई. तरी हाय न्हवं यादीत?

सोपान : आहे की.

येसूबाई : मग पाच ओळी कर.

सोपान : पाचवं कोण?

येसूबाई : तू कर तर.

सोपान : असं मागाहून घुसवता येत नाही, आई. किती ओळी, ओळीत किती चौकोन, ते यंत्राला आधी सांगायचं. तेवढीच जागा ते राखतं. चार सांगून पाचवी लिहिली, तर दुसऱ्याच कशाच्या तरी जागेवर जाऊन पडते.

येसूबाई : म्हनून तर आत्ताच सांगती.

सोपान : आक्काचं म्हणतेस?

येसूबाई : विजयमालाचं. सा वर्सं ह्या घरात माज्या लेकीचं नाव घेतलं न्हाई म्या. माधवनगरच्या गिरनीतल्या पोराशी लगीन लावलं तिनं, तवा ती मेली म्हनून तुज्या आप्पांनी तिच्या नावानं आंघोळ केली. तुलाबी घातली.

सोपान : सतरा वर्षांचा होतो मी. डोक्यावर तांब्या ओतला, मी गप उभा राहिलो.

येसूबाई : तुला न्हाई बोल लावत, लेका.

(सोपान खोडरबर घेऊन आकडा खोडतो, पाचवी ओळ आखतो.)

सोपान : पाच केल्या. पण तिचं नाव सगळ्यांत लांब. आता सगळ्यांच्याच ओळी तिच्या मापाच्या करायला हव्यात. नव्या कागदावर, पहिल्यापासून.

येसूबाई : मग कर की.

सोपान : यष्टी चुकेल.

येसूबाई : चुकूंदे. आजची रात तरी घरात दोन मान्सं ऱ्हातील.

सोपान : सकाळी माधवनगरला उतरून पुढं जाईन. कागद दाखवतो तिला. तुझा काही निरोप?

येसूबाई : त्या दिशी आंघोळीचं पानी आईनं तापवलं हुतं, म्हनावं. आधी त्ये सांग. मग कागद दाव.